काळ्या जास्वंदीचं बोंड

आमच्या इमारतीत प्रत्येकाचा देव स्वतंत्र आहे, फुलं मात्र सामाईक. म्हणजे फुलं माझी आणि वापर सगळ्यांचा. शनिवार पेठेत सकाळी उजाडायच्या सुमाराला खिडकीत उभं राहिलं की ही मंडळी दिसायला लागतात. अंगावर शाल, एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात आकडी. आकडी म्हणजे लांब काठीच्या टोकाला वाकवून बांधलेली तार. तिने दुसऱ्याच्या कंपाउंडातली फांदी आपल्याकडे ओढायची, फूल देठासकट तोडायचं आणि फांदी सोडून द्यायची. फांदी सपकन वर जाते आणि उद्याच्या कळ्या खाली पडतात. हे सगळं तोंडाने स्तोत्र पुटपुटत चालतं. हटकलं तर उत्तर तयार असतं, "देवासाठीच नेतोय हो." जशी काही मी ती राक्षसासाठी लावली होती.

मला राग लवकर येतो. जन्मभर अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं, त्यात जो काही संयम होता तो संपला. निवृत्त झाल्यावर माणूस शांत होतो असं आमचे हे म्हणतात. ते स्वतः नोकरीत असतानाही शांतच होते, त्यामुळे त्यांचं मत मी धरत नाही.

ही गोष्ट ज्या झाडाची आहे, ते झाड करायचं माझ्या डोक्यात आलं ते अमेरिकेत. मुलीकडे गेलो होतो, तिथे एका बागेत तिने आम्हाला पिओनीची झुडपं दाखवायला नेलं. खोड लाकडासारखं, उंची माझ्या कमरेएवढी आणि त्यावर वाटीएवढी फुलं, गडद लाल. लाल म्हणणंसुद्धा कमीच. पाकळीच्या बुडाशी तो रंग जवळजवळ काळा झाला होता आणि काठावर ऊन पडलं की आतून पेटल्यासारखा वाटायचा. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की हे बाकावर जाऊन झोपले. मग घरी येऊन वाचत बसले. चीनच्या डोंगरातली पिवळी रानटी जात आणि जपानी बागांतली जात यांच्या संकरातून असले रंग आले. पण त्या संकरांना बी धरत नाही, जवळजवळ सगळे वांझ. तरी काही माणसं वर्षानुवर्षं परागांचा ब्रश फिरवत बसली, कधीतरी एखादं बी हाती लागलं आणि त्या एका बीमधून पुढची पिढी सुरू झाली. हे वाचून मला रडू आलं होतं. मुलीला वाटलं जेट लॅग.

पिओनी पुण्यात होत नाही. तिला महिनोन्‌महिने थंडी लागते आणि आपली थंडी सकाळी स्वेटर घालून दुपारी काढून ठेवण्याइतकी. पण जास्वंद होते. मी ठरवलं, तो रंग जास्वंदीत आणायचा.

जास्वंदीचा संकर करणं दिसायला पोरखेळ आहे. सकाळी ऊन जरा वर आलं की एका फुलाचे पराग काढायचे आणि दुसऱ्याच्या मधल्या दांडीच्या टोकाला जी पाच बोंडुकली असतात, त्यांच्यावर टेकवायचे. देठाला दोरा बांधून ठेवायचा, म्हणजे कुठल्या फुलावर काम केलं ते कळतं. फूल दुसऱ्या दिवशी गळून पडतं. नशीब असेल तर मागे हिरवं बोंड राहतं, फुगतं, दोन-अडीच महिन्यांनी तपकिरी होऊन तडकतं आणि आत बिया मिळतात. बी लावल्यापासून पहिलं फूल बघायला दीड-दोन वर्षं. शंभरातली नव्वद रोपं आई-बापापेक्षा वाईट निघतात आणि ती उपटून टाकावी लागतात. माझ्या गच्चीवर अशा तीन पिढ्या झाल्या. तिसऱ्या पिढीत एका किडमिड्या रोपाला फूल आलं, तेव्हा मी ह्यांना दाढी अर्धी ठेवून वर यायला लावलं. तोच रंग होता. बुडाशी काळा, काठाला पेटलेला. "छान आहे," हे म्हणाले आणि उरलेली दाढी करायला गेले.

आता त्या झाडाचं दुखणं. छाट लावले तर पंधरा दिवसांत काळे पडायचे. कलमं केली, एकही धरलं नाही. आणि बी तर नाहीच. त्याच्यावर कुणाचेही पराग लावा, बोंड आठ दिवसांत पिवळं होऊन गळायचं. त्याचे पराग दुसऱ्या झाडांवर लावून पाहिले, तेही कुचकामी. थोडक्यात जगात हे झाड एकच होतं, मेलं तर संपलं, आणि जगण्याची त्याला फारशी हौस दिसत नव्हती. त्यातच सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं. सगळ्या कुंड्या खाली. काळी जास्वंद मला कंपाउंडच्या भिंतीलगतच्या मातीच्या पट्टीत लावावी लागली, रस्त्यापासून हाताच्या अंतरावर. लांडग्याच्या दारात शेळी बांधल्यासारखं झालं ते.

पहिल्या आठवड्यातच दोरे बांधलेली फुलं गायब व्हायला लागली. आकडीवाल्यांना भिंतीवरून वाकावंही लागत नव्हतं. आणि बाहेरचे परवडले, आतली मंडळी त्यांच्यावर वरताण. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात, माझ्याच वयाच्या. नवरा दहा वर्षांपूर्वी गेला, मुलगा-सून आयटीत. वहिनींचा दिवस देवाने सुरू होतो आणि माझ्या फुलांनी. मी त्यांना समजावून सांगितलं. दोन वेळा, पद्धतशीर, मुलांना सांगत असे तसं. त्या ऐकून घेत आणि म्हणत, "अहो बाई, एवढी फुलं आहेत, एक नेलं तर काय होतंय?" जे एक नेलं ते दोरा बांधलेलं असे.

शेवटी मी पाटी लावली. "ह्या फुलांवर प्रयोग चालू आहे. तोडू नयेत. देवाला बाजारातली फुलं चालतात, त्याने तसं कळवलं आहे." माझी चूक अशी की पुण्यात पाटी आता वाचण्यासाठी नसते, फोटो काढण्यासाठी असते. कॉलेजची पोरं थांबून हसत, सेल्फी घेत. एकीने पाटीशेजारी उभं राहून केसांत माझंच फूल खोचून फोटो काढला. पाटी व्हॉट्सॲपवर फिरून सोसायटीच्या ग्रुपवर परत आली, खाली हसणारे चेहरे. फुलं जात होती तशीच गेली. मी पाटी उपटून भंगारात दिली.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा मी पुन्हा कामाला लागले. जुना दोरा संपला होता. ह्यांनी कधीतरी कसल्याशा पूजेसाठी नाडाछडी आणली होती, लाल-पिवळ्या दोऱ्याची जाडशी गुंडी. दवात कुजत नाही, लांबून दिसते, फुकट पडली होती. मी तीच वापरली. रोज उमललेल्या फुलांवर पराग लावायचे, देठाला लाल-पिवळी गाठ मारायची.

आठवडा गेला आणि माझ्या लक्षात आलं की फुलं जागच्या जागी आहेत. बाहेरचे येत, फांदी ओढत, दोरा बघत आणि हात मागे घेत. एकाने तर मागे सरून नमस्कार केला. वहिनी पिशवी घेऊन खाली आल्या, झाडापाशी थांबल्या आणि तशाच परत गेल्या. मला आधी कळेना. कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. शास्त्र सांगितलं, चाललं नाही. विनंती केली, चालली नाही. पाटी लावली, तिचं हसं झालं. आणि पूजेच्या दोऱ्याची एक गाठ मारली तर सगळं गाव सरळ झालं. लोकांना वाटलं, मी नवस बोलले आहे. आयुष्यभर मुलांना कार्यकारणभाव शिकवल्याचं हे फळ.

"झाड वाचतंय ना? मग तुझं काय जातंय?" हे म्हणाले. त्यांचं कधीच काही जात नाही.

तरी मी गप्प बसले नाही. वहिनींनी जिन्यात गाठून हळूच विचारलं, "कशासाठी बोललात?" तेव्हा मी ठणकावून सांगितलं की मी काहीही बोललेले नाही, तो परागीभवनाचा दोरा आहे. त्या समजूतदारपणे हसल्या. "बरोबर आहे. सांगायचं नसतंच." मी परत सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला. जितकं नाही म्हणावं तितका नवस मोठा होत गेला.

आणि मग मार्गशीर्षात एक बोंड धरलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले, गळलं नाही. हिरवंगार, टपोरं, बोराएवढं. मी रोज उजाडताच बघायला धावत जायची. वहिनींनी विचारलं, "आज एवढ्या खुशीत?" आणि माझ्या तोंडून भर जिन्यात निघून गेलं, "अहो, वांझ झाड होतं ते, त्याला फळ धरलंय!"

वहिनी एकदम थांबल्या. "हळू बोला, बाई," म्हणाल्या आणि वर बघितलं. मग माझ्याकडे असं काही बघितलं की मला तिथेच समजायला हवं होतं. दोन दिवसांत इमारतीत ठरून गेलं की मी नवस बोलले तो अमेरिकेतल्या मुलीसाठी. तिला मूल नाही. का नाही, हा तिचा आणि जावयांचा प्रश्न आहे, मी आई असून तो कधी विचारलेला नाही. पण आमच्या जिन्यात माझ्या मुलीच्या पोटाची चौकशी भाजीच्या भावासारखी व्हायला लागली. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी ह्यांना विचारलं, "काही बातमी?" त्या दिवशी मी कोणाकोणाला काय काय बोलले ते मी आज मागे घेत नाही. उपयोग एवढाच झाला की लोक म्हणायला लागले, बिचारीच्या मनाला फार लागलंय.

झाडावर आता माझे नसलेले दोरे दिसायला लागले. मग बुंध्याशी हळद-कुंकू. मग नारळाचं पाणी. आणि मंगळवारी-शुक्रवारी दूध. मातीत दूध ओतल्यावर काय होतं ते नाकाला कळतं, त्यासाठी जीवशास्त्र लागत नाही. मुंग्या लागल्या, माती आंबली, खालची पानं पिवळी पडायला लागली. मी वरचा थर खरवडून काढायची, नवी माती घालायची, पुन्हा शुक्रवार यायचा. सोसायटीच्या सभेत मी विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, भावनांचा प्रश्न आहे." मी म्हटलं, मुळांचा प्रश्न आहे. त्यावर ते म्हणाले की हवं तर छान टाइल्स लावून पार बांधून देऊ. मी उठून आले.

बोंडाला मी जाळीची पोटली बांधली. पिकून तडकलं तर बिया सांडू नयेत म्हणून बांधतात. कोणाच्या तरी हळदीकुंकवात वाणाबरोबर मिळालेली, सोनेरी काठाची. घरात तीच होती. तीही लोकांनी आपल्याच अर्थाने घेतली हे वेगळं सांगायला नको. झाडाची मुळं कुजायला लागलीत हे मला कळत होतं. शेंड्याची पानं दुपारी मान टाकत होती. पण खोडात जीव होता आणि बोंड भरत होतं. माझा हिशेब साधा होता, झाड गेलं तरी चालेल, बोंड पिकेपर्यंत टिकू दे. आत चार-पाच बिया जरी असल्या तरी तो रंग पुढे गेला असता.

ह्या सगळ्यात मला समजून घेणारं एकच माणूस होतं, वहिनींची सून. पस्तिशीची असेल. घरून काम असलं की मधल्या सुट्टीत कॉफीचा मग घेऊन खाली यायची आणि झाडापाशी उभी राहायची. तिला मी सगळं दाखवलं होतं. पराग कुठे असतात, बोंड कसं भरतं, मोबाईलवरचा पिओनीचा फोटोसुद्धा. तिने विचारलं होतं, "काकू, एवढी वर्षं करून एक पण बी नाही मिळालं तर?" मी म्हटलं, नाही मिळालं तर नाही मिळालं, पण मिळेल. ती म्हणाली, "तुम्हाला कंटाळा नाही येत? रोज बघायला जायचं, रोज तेच." मी म्हटलं, येतो ना. तिने वाकून बोंड परत एकदा बघितलं. सासूबाईंना समजावून सांग म्हटलं तर हसली. "मी त्यांना खूप गोष्टी समजावते, काकू. हे पण सांगीन."

वहिनींनी मात्र झाडाचा ताबाच घेतला होता. आकडी घेऊन त्या आता राखणीला बसत. कोणी बोंडाकडे हात नेला की ओरडत. सकाळी खिडकीतून त्यांची आकडी भिंतीशी टेकलेली दिसली की मला बरंही वाटे आणि बरं वाटतंय याचा रागही येई.

माघातल्या गणेशजयंतीला सकाळी ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. रस्ते बंद, कसब्याच्या गणपतीकडून बुधवारातल्या गणपतीला जाणाऱ्या माणसांची रीघ, रिक्षा कोणी येईना. चालत गेलो, चालत आलो, दुपार झाली. फाटकातून आत आल्याबरोबर माझी नजर झाडावर गेली. पोटली नव्हती. बोंड नव्हतं. देठ नखाने खुडल्यासारखा स्वच्छ तुटलेला. मी मातीत बघितलं, पानांखाली बघितलं, गटाराची जाळी उचलून बघितली. हे म्हणाले, "पडलं असेल." मी त्यांना वर पाठवलं.

मी घरात येऊन पाणीही प्यायले नव्हते तोच बेल वाजली. दारात वहिनी. जरीची साडी, कपाळाला ओलं कुंकू, हातात चांदीची वाटी, वर झाकण.

"बाई, सकाळी तुम्ही नव्हतात. मुहूर्त टळायला नको म्हणून मीच उतरवलं."

"काय उतरवलं?"

"नवसाचं फळ हो. आज जयंती. आजच्यासारखा दिवस नाही." त्यांनी झाकण काढलं. आत मध होता आणि मधात ठेचलेलं काहीतरी पांढुरकं-हिरवं. "बिया कोवळ्याच होत्या, छान कुटल्या गेल्या. अर्धं सुनेला दिलं. देवासमोर बसवून, पूर्वेला तोंड करून. अर्धं तुमच्या लेकीसाठी काढून ठेवलंय. कुरिअरने जाईल का हो तिकडे? मधात आहे, खराब नाही व्हायचं."

 मी सुरू झाले. त्यांच्या देवापासून त्यांच्या आकडीपर्यंत काही सोडलं नाही. मी म्हटलं, तुम्ही माझ्या आठ वर्षांचा खलबत्त्यात चुरा केलात. तुम्हाला दहा वेळा सांगितलं होतं. तुम्ही अडाणी असतात तर मी समजले असते, तुम्ही पदवीधर आहात, बँकेत होतात, पैसे मोजताना कधी नवस केलात का? दूध ओतून झाड मारलंत आणि आता बी गिळलंत. चोर आहात तुम्ही, देवाच्या नावावर चोऱ्या करता. हे मागून "अगं, अगं" करत होते. वरच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला, तरी मी थांबले नाही.

वहिनी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांना खरंच काही कळत नव्हतं. "अहो, पण मी एकटीने नाही ना घेतलं," त्या म्हणाल्या. "अर्धं आणलं तुम्हाला. सूनबाईचं आता वय निघून चाललंय, तरी अर्धं आणलं."

त्यांनी वाटी आत येऊन ओट्यावर ठेवली आणि गेल्या. त्यांच्या दृष्टीने त्यांनी स्वतःच्या घासातला घास मला दिला होता. ह्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. चोराने निदान चोरासारखं वागावं. मी वाटी मोरीत रिकामी करायला उचलली आणि मधात ते पांढरे तुकडे दिसले. त्यांच्यात तो रंग होता, कोणाला कधीही न दिसणारा. मला ते ओतवेना. मी झाकण ठेवलं आणि पोळ्या करायला घेतल्या. सगळ्या करपल्या, ह्यांनी निमूट खाल्ल्या.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला वहिनींची सून आली. एकटीच. मी दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. तिनेच चपला काढल्या आणि आत आली. हे फिरायला गेले होते. तिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगायला सुरुवात केली.

"काकू, सॉरी. आईंना नाही, मला बोला. मला माहीत होतं ते काय आहे. तुम्ही दाखवलं होतंत."

"मग थुंकून का नाही टाकलंस?" मी म्हटलं. "लहान होतीस? इंजिनिअर आहेस ना तू? त्यांना नाही कळत, तुला कळत होतं. तुझ्यावर माझा विश्वास होता."

"हो."

"नाही म्हणता आलं नाही?"

"म्हणता आलं असतं," ती म्हणाली. "आई जबरदस्ती नाही करत. त्यांनी विचारलं होतं मला, घेतेस का म्हणून."

मी काही बोलायच्या आत तिने पुढचं सांगितलं. सलग, खाली बघत. मुलासाठी दोनदा दवाखान्यात उपचार झाले होते. इंजेक्शनं, सोनोग्राफी, वाट बघणं, आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत संपलं. दुसऱ्यांदा झालं ते मागच्या महिन्यात, जेव्हा ती कॉफीचा मग घेऊन झाडापाशी यायची आणि मी तिला बोंड कसं टिकलंय ते कौतुकाने दाखवायची. ऑफिसात कोणाला सांगितलेलं नव्हतं. नवरा म्हणाला, आता पुरे.

"मला माहितीये त्याने काही होत नाही," ती म्हणाली. "पण खोटं नाही सांगत तुम्हाला. गिळताना मी हात जोडले होते. आई बघत होत्या म्हणून नाही."

माझा राग गेला नव्हता. तो आजही गेलेला नाही, झाड होळीच्या आत वाळलं आणि ते मी माझ्या हाताने उपटलं. तिने रांगेत उभं राहून मागितलं असतं तरी मी तिला ते बोंड दिलं नसतं, आणि हे तिलाही माहीत होतं. मी तिला बस म्हटलं, चहा ठेवला. ती ओट्यापाशीच उभी राहिली. तिचं लक्ष वाटीकडे गेलं. तिने झाकण उचलून आत बघितलं आणि परत ठेवलं.

"तुमच्या मुलीला पाठवणार नाही ना तुम्ही?"

"वेड लागलंय का मला?"

"टाकून देणार?"

 चहा उतू जायला लागला, मी गॅस बंद केला. ती वाटीवर हात ठेवून तशीच उभी होती, मान खाली घालून. मागत नव्हती. मी मांडणीतून चमचा काढला आणि तिच्या हातात दिला.